नेट फास्ट आहे, तरी मॅच का अडकते?

प्रश्न असा होता: "घरी १०० एमबीपीएसचं कनेक्शन आहे, स्पीड टेस्टला आकडा पूर्ण येतो, सिनेमे आणि मालिका झकास चालतात. पण फुटबॉलची लाइव्ह मॅच लावली की दर दहा मिनिटांनी चक्र फिरायला लागतं, मधेच मैदान धूसर होतं, बॉल दिसेनासा होतो आणि गोल झालेला आधी मोबाइलवर कळतो. ॲप बदललं, टीव्हीसुद्धा बदलला. आता अजून काय करू?"

मी गेली बारा-तेरा वर्षं लाइव्ह स्ट्रीमिंगच्या तांत्रिक बाजूला काम करतेय आणि त्यातली बहुतेक वर्षं खेळांच्या सामन्यांवरच गेलीयत, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. टीव्ही बदलायच्या आधी विचारलं असतं तर बरं झालं असतं, कारण दोष बहुतेक टीव्हीचा नव्हताच.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका, की सिनेमा नीट चालतो म्हणजे मॅचही चालायलाच हवी. दिसायला दोन्ही व्हिडिओच, पण आतला कारभार पूर्ण वेगळा आहे. सिनेमा आधीच तयार होऊन सर्व्हरवर पडलेला असतो, तुम्ही पाचव्या मिनिटावर असता तेव्हा प्लेअरने पुढचं मिनिटभराचं सामान गुपचूप उतरवून ठेवलेलं असतं, त्यामुळे मधे वीस सेकंद नेट गेलं तरी तुम्हाला पत्ताही लागत नाही. मॅचचं पुढचं मिनिट अजून खेळलंच गेलेलं नाही, मग ते साठवणार कुठून? तुमच्या हातात शिल्लक असते ती फक्त काही सेकंदांची, आणि ती संपली की चक्र. तुमचं नेट सिनेमाच्या वेळीही तितकंच अडखळत असतं, फक्त तिथे ते झाकलं जातं.

आता ही शिल्लक कशी तयार होते ते बघा, कारण उशीर का होतो तेही त्यातच आहे. कॅमेऱ्यातून आलेलं चित्र आधी कॉम्प्रेस होतं, म्हणजे दाबून लहान केलं जातं, आणि मग त्याचे छोटे छोटे तुकडे पाडले जातात, प्रत्येक तुकडा म्हणजे एक फाइल, आणि तुमचा प्लेअर एकापाठोपाठ एक फाइल मागत राहतो. ॲपलने २००९ मध्ये एचएलएस नावाची पद्धत आणली तेव्हा तुकडा १० सेकंदांचा ठेवा असं सांगायचे, २०१६ मध्ये ते ६ सेकंदांवर आलं. तुकडा पूर्ण झाल्याशिवाय पाठवता येत नाही, आणि प्लेअर साधारण तीन तुकडे हातात आल्याशिवाय सुरू होत नाही. म्हणजे सहा त्रिक अठरा सेकंद इथेच गेले, त्यात कॉम्प्रेस करायचा वेळ धरा, सर्व्हरपासून तुमच्या जवळच्या सीडीएनपर्यंत, म्हणजे तुकड्यांच्या प्रती ठेवणाऱ्या जवळच्या सर्व्हरपर्यंत, यायचा वेळ धरा, की झाले ३०-४० सेकंद. लोक उपग्रहाला दोष देतात, पण भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर असला तरी सिग्नल वर जाऊन खाली यायला साधारण पाव सेकंदच लागतो. उशीर आकाशात होत नाही, तुकडे पाडण्यात होतो.

आणि फुटबॉलमध्ये ४० सेकंद म्हणजे काय ते ज्याने भोगलंय त्यालाच कळतं. २०२२ च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये अर्जेंटिना २-० ने पुढे होती, ८० व्या मिनिटाला फ्रान्सच्या एम्बापेने पेनल्टीवर गोल केला आणि त्यानंतर ९७ सेकंदांत दुसरा. ज्याचं स्ट्रीम ४० सेकंद मागे होतं त्याच्या स्क्रीनवर पहिल्या गोलला मिनिटही झालेलं नव्हतं तेव्हा मैदानात २-२ झालेलं होतं. तेवढ्यात मोबाइल वाजला असेल तर त्या माणसाची फायनलच गेली, कारण असा गोल परत पहिल्यांदा बघता येत नाही.

मोबाइल आधी का वाजतो हेही सांगते. स्टेडियममध्ये बसून प्रत्येक पास, फाउल, गोल नोंदवणारी माणसं असतात, त्यांनी बटण दाबलं की ती नोंद म्हणजे अक्षरशः काही अक्षरं, तिचे तुकडे पाडायचे नसतात, कॉम्प्रेस करायची नसते, ती सेकंदा-दोन सेकंदांत जगभर जाते. व्हिडिओ तिला गाठूच शकत नाही. म्हणून मॅचच्या आधी स्कोअरच्या ॲपची नोटिफिकेशन बंद करा, ग्रुप म्यूट करा, मनगटावरच्या घड्याळाची पण बंद करा, ते लोक हमखास विसरतात.

मग उशीर कमीच का करत नाही, असं विचाराल. करता येतो. तुकड्याचे आणखी बारीक तुकडे करून ते तयार होतील तसे पाठवायचे, ॲपलने २०१९ मध्ये कमी उशीराचं एचएलएस जाहीर केलं ते याच तत्त्वावर आहे, आणि नीट बसवलं तर उशीर काही सेकंदांवर येतो. पण उशीर आणि शिल्लक ही एकाच कापडाची दोन टोकं आहेत. उशीर ओढून ५ सेकंदांवर आणला की शिल्लकही ५ सेकंदांच्या आतच राहणार, मग घरातलं वायफाय ६ सेकंद अडखळलं की चक्र आलंच. ज्यांचं नेट खणखणीत आहे त्यांच्यासाठी कमी उशीर उत्तम, बाकीच्यांनी त्या मागे लागू नये असं माझं अगदी ठाम मत आहे.

उलट मी घरी काय करते ते सांगते, आणि या अख्ख्या उत्तरातलं एवढं एक जरी केलंत तरी पुष्कळ फरक पडेल. ज्या ॲपमध्ये लाइव्ह मॅच मागे-पुढे करता येते तिथे मी किक-ऑफला पॉज करते, मिनिट-दीड मिनिट थांबते आणि मग सुरू करते. आता मी मुद्दाम मागे आहे, म्हणजे माझ्यापुढचं मिनिट सर्व्हरवर तयार पडलंय, म्हणजे प्लेअरला सिनेमासारखं पुढचं उतरवून ठेवता येतं. फोन दुसऱ्या खोलीत. शेजारी कोणी बघत असेल तर त्याचा आरडाओरडा भिंतीतून येतो ही अडचण आहे खरी, पण दर दहा मिनिटांनी अडकण्यापेक्षा मला ते परवडतं. फक्त "लाइव्ह" लिहिलेल्या बटणाला हात लावायचा नाही, ते दाबलं की जमवलेलं सगळं टाकून तुम्ही परत कड्याच्या टोकावर जाऊन उभे.

स्पीड टेस्टचं बोलू. फुल एचडी, सेकंदाला ५० फ्रेम असलेल्या फुटबॉलला साधारण ६ ते ८ एमबीपीएस लागतात, त्यामुळे १०० चं कनेक्शन ३०० चं केलंत तरी मॅचला काही फरक पडणार नाही, पैसे वाया. टेस्ट जवळच्या सर्व्हरशी पंधरा-वीस सेकंद बोलून सरासरी सांगते. तुमची मॅच अडकते ती त्या सरासरीमुळे नाही, मधे पडणाऱ्या चार-पाच सेकंदांच्या खड्ड्यांमुळे, आणि खड्डे सरासरीत दिसत नाहीत.

हे खड्डे बहुतेक वेळा घरातच असतात. माझ्या मामांकडची गोष्ट सांगते. त्यांची रात्रीची मॅच दुसऱ्या हाफलाच अडकायची, पहिला हाफ नेहमी स्वच्छ, कंपनीचे लोक दोनदा येऊन लाइन तपासून गेले, काही सापडलं नाही. एकदा मी तिथेच होते. हाफ टाइमला जेवणं झाली, सगळे उठले, आणि मामेभावाने आपला फोन चार्जिंगला लावला. दोन मिनिटांत राउटरवरचा दिवा वेड्यासारखा लुकलुकायला लागला. फोन चार्जिंगला लागला की दिवसभराचे फोटो-व्हिडिओ क्लाउडवर चढवायला घ्यायचा, अपलोडची वाट अरुंद, ती पार तुंबायची, आणि टीव्ही जो दर काही सेकंदांनी "पुढचा तुकडा द्या" असा निरोप वर पाठवतो तो निरोपच फोटोंच्या रांगेत उभा राहायचा. खाली यायची वाट रिकामी होती, मागणीच पोचत नव्हती. बॅकअपची वेळ पहाटेची केली, प्रश्न संपला. तुमच्याकडे हे आहे का ते बघायला फार काही लागत नाही, मॅच चालू असताना घरातली बाकी सगळी उपकरणं पंधरा मिनिटं वायफायवरून काढा. सुधारली तर चोर घरातलाच. राउटरमध्ये क्यूओएस किंवा एसक्यूएम नावाची, कुठल्या डेटाला आधी जाऊ द्यायचं ते सांभाळणारी सोय असेल तर ती चालू करून अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या थोडी खाली ठेवा, रांग लागतच नाही.

आणि टीव्हीला केबल लावा. मला माहितीये केबल ओढायचा सगळ्यांना कंटाळा येतो, वायर दिसते, छान दिसत नाही. पण २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल जेमतेम तीनच, १, ६ आणि ११, आणि त्यात तुम्ही, वरचे, खालचे, शेजारचे सगळे. मॅचच्या वेळी तर सगळेच एकदम चालू असतात. केबल शक्यच नसेल तर टीव्ही ५ गिगाहर्ट्झला जोडा आणि राउटर त्याच खोलीत आणा, कारण ५ ला भिंती सोसत नाहीत.

धूसर चित्राचा प्रकार वेगळा. सर्व्हरवर तीच मॅच चार-पाच दर्जांत ठेवलेली असते, ३६०, ४८०, ७२०, १०८०, आणि नेट जरा मंदावलं की प्लेअर खालच्या पायरीवर उतरतो, अडकण्यापेक्षा धूसर बरं असा त्याचा हिशोब. बातम्या बघताना हे जाणवतही नाही, पण फुटबॉल कॉम्प्रेस करायला फार अवघड आहे. हिरवळीची बारीक पोत, तिच्यावरून सतत सरकणारा कॅमेरा, म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये जवळजवळ प्रत्येक पिक्सेल बदलतो, आणि त्यात ज्याच्यासाठी सगळं चाललंय तो बॉल म्हणजे पांढरा ठिपका. डेटा कमी पडला की एन्कोडर, म्हणजे कॉम्प्रेस करणारी यंत्रणा, आधी हिरवळ पुसतो आणि तिच्याबरोबर बॉलही.

फ्रेमचंही बघा. ताशी १०० किलोमीटरने मारलेला बॉल सेकंदाला जवळपास २८ मीटर जातो. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर दोन फ्रेमच्या मधे तो १.१ मीटर पुढे गेलेला असतो, आणि बॉलचा व्यास आहे साधारण २२ सेंटिमीटर, म्हणजे पाच बॉल मावतील एवढी उडी. ५० फ्रेमला ती अर्धी होते. म्हणून निवड करता येत असेल तर ५० फ्रेमचं ७२० घ्या, २५ फ्रेमचं १०८० नको. फोटो काढून तुलना केली तर १०८० जास्त रेखीव दिसेल, खेळ बघायला ७२० च चांगलं. आणि "ऑटो"वर न ठेवता दर्जा हाताने ७२० ला बांधून टाकला तर ती सारखी वर-खाली पण थांबते. मोबाइल डेटावर बघणार असाल तर हिशोब सोपा आहे, ६ एमबीपीएसने दोन तास म्हणजे ५.४ जीबी, ३ ने त्याच्या निम्मं.

चित्र एका दर्जावरच अडकून बसत असेल, वर जातच नसेल, तर ते नेटचं नसून डीआरएमचं, म्हणजे व्हिडिओची चोरी रोखणाऱ्या कुलपाचं, असू शकतं. वाइडवाइन हे असंच एक कुलूप, त्याची वरची पातळी नसलेल्या फोनला किंवा ब्राउझरला बऱ्याच सेवा एचडी देतच नाहीत. आणि लॅपटॉप एचडीएमआयने टीव्हीला जोडल्यावर आवाज येतो पण चित्र काळं, तर तो एचडीसीपीचा, म्हणजे एचडीएमआय केबलवरच्या अशाच कुलपाचा घोळ, केबल किंवा मधला स्प्लिटर बदलून बघा.

आता आमच्या बाजूची चूक, कारण सगळं तुमच्या राउटरवर ढकलणं बरोबर नाही. टॉवरवरून प्रक्षेपण होतं तेव्हा बघणारे शंभर असोत की एक कोटी, टॉवरला फरक पडत नाही. इंटरनेटवर मात्र प्रत्येक बघणाऱ्याला स्वतंत्रपणे तुकडे द्यावे लागतात, आणि फुटबॉलचे प्रेक्षक हळूहळू येत नाहीत, किक-ऑफच्या आधीच्या पाच मिनिटांत सगळे एकदम दारात.

एका मोठ्या फायनलच्या रात्री मी कंट्रोल रूममध्ये होते. समोरच्या मॉनिटरवर मॅच स्वच्छ चालू, व्हिडिओचे सर्व्हर निवांत, आलेख सपाट, आणि बाहेर लोकांचा नुसता आक्रोश की काहीच दिसत नाही. व्हिडिओ शाबूत होता, पडलं होतं ते लॉगिन. हा सदस्य आहे का, पैसे भरलेत का, किती उपकरणांवर बघतोय, हे तपासणारी छोटीशी यंत्रणा गुदमरली होती. आणि दार उघडत नाही म्हटल्यावर प्रत्येकाने पुन्हा पुन्हा बटण दाबलं, ॲप बंद करून उघडलं, पासवर्ड परत टाकला, म्हणजे एका माणसाच्या दहा मागण्या. पहिला गोल झाला तेव्हा पैसे भरलेली हजारो माणसं दाराबाहेर होती. त्या रात्रीची मला अजून खंत वाटते, कारण एवढी गर्दी येणार हे आम्हाला माहीत होतं आणि आम्ही तपासला होता फक्त व्हिडिओ.

हे कुणालाही चुकलेलं नाही. २०१८ च्या वर्ल्ड कपला ऑस्ट्रेलियात ऑप्टस या टेलिकॉम कंपनीचं स्ट्रीमिंग पहिल्याच काही दिवसांत इतकं कोलमडलं की थेट पंतप्रधान टर्नबुलनी कंपनीच्या प्रमुखाला फोन केला आणि सामने एसबीएस या सार्वजनिक वाहिनीवरून दाखवायची वेळ आली. म्हणून किक-ऑफच्या अर्धा तास आधी लॉगिन करून मॅचपूर्व चर्चा लावून ठेवा, ती ऐकायची नसली तरी. आत असलेल्या माणसाला सहसा बाहेर काढत नाहीत. आणि दुसऱ्या एका उपकरणावर पण आधीच लॉगिन असू द्या, ऐनवेळी पासवर्ड शोधायची वेळ येऊ नये.

काही वेळा तर तांत्रिक बिघाड नसतोच, मॅच तुम्हाला दाखवायचीच नसते. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी २.४५ ते ५.१५ या वेळात लाइव्ह फुटबॉल दाखवायला बंदी आहे, लोकांनी मैदानावर जावं म्हणून १९६० च्या दशकात सुरू झालेली प्रथा, आणि त्यामुळे तिथे खेळली जाणारी मॅच परदेशात दिसते पण तिथल्याच माणसाला घरी दिसत नाही. पोर्ट्समथच्या पबवाल्या कॅरेन मर्फी यांनी ग्रीक वाहिनीचं डिकोडर कार्ड, म्हणजे तिचं बंद सिग्नल उघडणारं कार्ड, लावून मॅच दाखवल्या, खटला युरोपीय न्यायालयापर्यंत गेला आणि २०११ मध्ये परदेशी कार्ड वापरण्यावरची बंदी तिथे टिकली नाही. हक्क देशादेशांत वाटून विकले जातात, एकच स्पर्धा तीन ॲपवर विभागली जाते, आणि चाहता दर आठवड्याला आज कुठे लागणार हे शोधत बसतो. याचा मला मनापासून राग येतो. पैसे द्यायला तयार असलेल्या माणसाला मॅच मिळू नये हे चूकच आहे.

म्हणून लोक चोरीच्या लिंककडे जातात, आणि कारण समजत असलं तरी मी सांगेन जाऊ नका. तिथे "प्ले"ची पाच बटणं असतात आणि त्यातली चार दुसरंच काहीतरी डाउनलोड करतात, "प्लेअर अपडेट करा" म्हणणारी खिडकी तर शंभर टक्के फसवी. शिवाय त्या लिंक ऐन मॅचमध्ये बंद केल्या जातात. स्पेनमध्ये ला लिगा या तिथल्या फुटबॉल लीगने कोर्टाच्या आदेशावर २०२५ मध्ये, असंख्य साइट जिच्यामार्फत चालतात त्या क्लाउडफ्लेअर कंपनीचे पत्तेच ब्लॉक करायला लावले, तेव्हा फुटबॉलशी काडीचाही संबंध नसलेल्या साइट मॅचच्या वेळी बंद पडायला लागल्या. त्या भांडणात तुमची मॅच सापडायला नको.

शेवटी दोष कोणाचा हे ठरवायची माझी पद्धत. पुढच्या वेळी टीव्हीवर चक्र आलं की लगेच रिफ्रेश करू नका, वायफाय बंद केलेल्या फोनवर मोबाइल डेटाने तीच मॅच लावा. फोनवर नीट चालली तर घरातलं नेट बघा, आधी अपलोड, मग वायफाय. दोन्हीकडे एकाच वेळी अडकत असेल तर दोष त्यांचा आहे, आणि मग तक्रार कराच, पण ती करताना घड्याळातली वेळ लिहा, मॅचचं मिनिट लिहा, टीव्हीचं मॉडेल, ॲपची आवृत्ती, नेट कोणत्या कंपनीचं, आणि स्क्रीनवर एखादा एरर नंबर आला असेल तर त्याचा फोटो जोडा. एवढं हातात आलं की आम्हाला लॉगमध्ये ती जागा पाच-दहा मिनिटांत सापडते. नुसतं "मॅच दिसत नाही" असं आलं की त्या रात्रीच्या लाखो नोंदींत तुमची कुठली हे शोधायला काही वाटच नसते.